गर्दीच्या विमानतळावर लहान विमान का घसरतं?

आमगाव तालुक्यातल्या एका शेतकरी वडिलांचा प्रश्न आला आहे. लेक बारावी विज्ञान झाली, तिला गोंदियाजवळच्या बिरसीच्या धावपट्टीवर विमान शिकायचं आहे. घरात कोणीतरी मोबाइलवर मुंबईत घसरून मोडलेल्या लहान जेट विमानाचं चित्रीकरण दाखवलं आणि तेव्हापासून तिच्या आईच्या घशाखाली घास उतरत नाही. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या आहेत. इतक्या मोठ्या विमानतळावर, सगळ्या सोयी असताना, लहान विमान उतरताना मोडतंच कसं? चूक वैमानिकाची असते का? आणि लेकीला पाठवावं की नाही?

भाऊ, माझं बहुतेक आयुष्य पोरांना लहान विमान उतरवायला शिकवण्यात गेलं, आणि त्यातला बराच काळ आपल्याच विदर्भातल्या धावपट्ट्यांवर. मधली काही वर्षं लहान विमानं घेऊन मोठ्या, गजबजलेल्या विमानतळांवरही उतरलो. तुमच्या प्रश्नाला एका ओळीत हो किंवा नाही म्हणणं मला पटत नाही, म्हणून सविस्तर लिहितो. वहिनींनाही वाचून दाखवा.

तुम्ही पाहिलेला अपघात १४ सप्टेंबर २०२३ चा आहे. विशाखापट्टणमहून मुंबईला आलेलं लिअरजेट ४५ जातीचं खाजगी विमान संध्याकाळी पाचच्या सुमारास धावपट्टी क्रमांक २७ वर उतरताना बाजूला गेलं आणि मोडलं. सहा प्रवासी आणि दोन वैमानिक होते, आठही जण वाचले. जोराचा पाऊस चालू होता, दृश्यता ७०० मीटर सांगितली गेली. मुख्य धावपट्टी सुमारे दीड तास बंद राहिली आणि कितीतरी विमानं दुसऱ्या शहरांकडे वळवावी लागली. त्या वैमानिकांवर मी निकाल देणार नाही. चित्रीकरणात शेवटचे काही सेकंद दिसतात, आणि उतरतानाच्या अपघाताची मुळं त्या सेकंदांच्या बरीच आधीची असतात. माझं पुढचं सगळं सांगणं त्या आधीच्या काही मिनिटांबद्दल आहे.

आधी विमानतळाची गर्दी समजून घ्या. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात. त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. त्या एका पट्टीवर गर्दीच्या तासात ४५ च्या आसपास विमानं उतरतात आणि उडतात, म्हणजे दर ८० सेकंदांना एक. टॉवरमधला आणि रडारवरचा नियंत्रक ही सगळी माळ ओवत असतो. माळेत एक मणी हळू चालला की मागचे सगळे एकमेकांवर येतात. म्हणूनच तिथे खाजगी विमानांना गर्दीच्या वेळात येण्यावर बंधनं असतात.

आता वेगाचा हिशेब. एअरबस ३२० सारखं प्रवासी विमान उतरताना साधारण १३५ ते १४० नॉट वेगाने येतं (एक नॉट म्हणजे ताशी सुमारे १.८५ किलोमीटर). शिकाऊ पोरं ज्यावर शिकतात ते सेसना १७२ उतरताना ६५ नॉटला आणावं लागतं. शेवटचे पाच मैल मोठं विमान दोन मिनिटांत कापतं, सेसनाला साडेचार मिनिटं लागतात. साकोलीच्या महामार्गावर धानाची ट्रॉली चढवली आणि मागून ट्रक हॉर्न वाजवत आला की ट्रॅक्टरवाल्याचा पाय आपोआप रेसवर दाबला जातो, तसंच इथे होतं. नियंत्रक रेडिओवर सांगतो, ‘वेग जास्तीत जास्त ठेवा, मागे जेट आहे.’ त्याचं सांगणं त्याच्या जागी बरोबर असतं. लहान विमानाचा वैमानिक वेग वाढवतो, एकदम शंभर-एकशे दहा नॉटला धरून येतो, आणि मग शेवटच्या मैलभरात तो सगळा वेग उतरवायला बसतो.

इथे अपघाताची सुरुवात झालेली असते, आणि बहुतेक वेळा कॉकपिटमध्ये कोणाला ती जाणवलेली नसते.

विमानाचा वेग थोडा वाढला की त्याच्यातली ऊर्जा वर्गाने वाढते. ६५ च्या जागी ८० नॉटने पट्टीच्या उंबरठ्यावर आलात, तर वेग पाव हिश्श्यानेही वाढलेला नाही, पण जिरवायची ऊर्जा दीडपट झाली. ती जिरेपर्यंत विमान खाली टेकत नाही. जमिनीपासून दोन-तीन फुटांवर तरंगत राहतं, पट्टी मागे पळत राहते. मुंबईची पट्टी जवळपास साडेतीन किलोमीटर लांब, तेव्हा लहान विमानाला जागा कमी पडायचं कारण नाही. पण वैमानिकाला मागच्या जेटची आठवण असते, पुढच्या वळणावरून लवकर बाहेर पडायचं असतं. तो नाक खाली दाबून विमान जबरदस्तीने टेकवतो. नाकाचं चाक आधी आपटतं, विमान उसळतं, तो पुन्हा दाबतो, ते आणखी जोरात उसळतं. दुसऱ्या-तिसऱ्या उडीत पुढचं चाक मोडतं किंवा पंखा जमिनीला लागतो. दुसरी तऱ्हा अशी, की विमान टेकतं पण पंखांत अजून उड्डाणाची ताकद शिल्लक असते. चाकांवर वजनच येत नाही, ब्रेक दाबले की चाकं नुसती घासतात, आणि बाजूचा वारा असेल तर विमान सरळ राहत नाही.

या दोन्ही तऱ्हा मला विद्यार्थ्यांमध्ये पुन्हा पुन्हा दिसल्या. हाताने कुशल असलेल्या पोरांमध्येही. कौशल्य कमी होतं म्हणून ते घडत नव्हतं. ज्या वेगाने आपण यायला हवं होतं तो वेग त्यांनी दुसऱ्याच्या घाईपायी सोडून दिला होता, आणि सोडल्यावर पुढे यायचा हक्क राहत नाही हे त्यांनी मनाशी धरलेलं नव्हतं.

गर्दीचा दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाही. प्रत्येक विमान उडताना पंखांच्या टोकांमागे हवेचे दोन भोवरे सोडतं. जितकं विमान जड आणि हळू, तितका भोवरा जोरदार. म्हणजे उतरायला आलेलं मोठं विमान सगळ्यात वाईट. हे भोवरे मिनिटाला ३०० ते ५०० फूट खाली बसत जातात, जमिनीजवळ आले की बाजूला पसरतात. वारा अगदी मंद आणि बाजूने असेल, तीन ते पाच नॉटचा, तर एक भोवरा पट्टीवरच रेंगाळतो. सात टनांपर्यंतचं विमान हलक्या गटात मोडतं. त्याने मध्यम वजनाच्या विमानामागे पाच मैल आणि जड विमानामागे सहा मैल अंतर ठेवावं असा नियम आहे. तो नियम रक्ताने लिहिलेला आहे. लिअरजेट ४५ साडेनऊ टनांच्या वर जातं, म्हणून ते मध्यम गटात येतं. पण सेसना कमाल वजनालाही अकराशे किलो. एअरबसच्या भोवऱ्यात ती सापडली तर तिला आडवं करायला तो पुरेसा असतो, आणि शंभर फुटांवर आडवं झालेलं विमान सरळ करायला उंची उरत नाही. उपाय साधा आहे: मोठ्या विमानाच्या वाटेपेक्षा वरून या, ते जिथे टेकलं त्याच्या पुढे टेका, आणि शंका वाटली तर जास्त अंतर मागा. मागायला काही लागत नाही. तरी पोरं मागत नाहीत, कारण रेडिओवर एवढी गर्दी असते की तोंड उघडायलाच संकोच वाटतो.

पावसाचं थोडं वेगळं सांगतो, कारण तुमच्या चित्रीकरणात पाऊस होता. १२० नॉटने येणारं जेट सेकंदाला साठेक मीटर कापतं. ७०० मीटर दिसतंय म्हणजे समोरचं जग अकरा-बारा सेकंदांचं आहे. त्यातच काचेवर पाणी असलं की प्रकाश वाकतो आणि आपण आहोत त्यापेक्षा उंच आहोत असा भास होतो. उपकरणांवरून डोळे उचलून बाहेर पट्टी शोधायची, दिसली तर हाताने विमान तिच्यावर बसवायचं, आणि हे सगळं त्या मोजक्या सेकंदांत करायचं. दोन वैमानिक असतील तर एकाने शेवटपर्यंत वेग आणि उंची वाचत राहायची असते. दोघांनीही बाहेर बघायला सुरुवात केली की आत कोणी उरत नाही.

टेकल्यावर पाण्याचा दुसरा खेळ. टायर पाण्याच्या थरावर चढून तरंगायला लागतं, त्याचा जमिनीशी संबंधच सुटतो. कोणत्या वेगाला हे होईल याचं एक सूत्र १९६० च्या दशकात नासाच्या चाचण्यांतून निघालं: टायरमधल्या हवेच्या दाबाचं वर्गमूळ काढा, त्याला नऊने गुणा, उत्तर नॉटमध्ये येतं. २०० पौंड दाबाच्या मोठ्या टायरला ते १२७ नॉट येतं. सेसनाच्या टायरमध्ये २९ पौंडांच्या आसपास दाब असतो, म्हणजे उत्तर ४८ नॉट. लहान विमान साधारण तेवढ्याच वेगाला टेकतं. वेग थोडा जास्त असेल तर साचलेल्या पाण्यावर त्याचे ब्रेक काही काळ नसल्यात जमा. त्यात गर्दीच्या पट्टीवर जिथे रोज शेकडो विमानं टेकतात तिथे टायरचं रबर चिकटून थर बसतो, तो ओला झाला की तेल सांडल्यासारखा निसरडा. विमानतळवाले तो वेळोवेळी खरवडून काढतात, पट्टीला पाणी वाहून जाण्यासाठी आडव्या खाचाही पाडतात. तरीही ऐन सरीत वैमानिकाच्या हातात एकच खात्रीचं साधन असतं, बरोबर वेगाने बरोबर जागी टेकणं.

आता ज्या अपघाताबद्दल मी प्रत्येक विद्यार्थ्याला बसवून सांगत आलो, तो सांगतो. तो आपल्या देशातला नाही, पण तुमच्या पहिल्या प्रश्नाचं इतकं स्पष्ट उत्तर मला दुसरीकडे सापडलं नाही.

९ जून २०१६. अमेरिकेतलं ह्यूस्टन शहर, हॉबी विमानतळ. तिथे बोइंग ७३७ ची सतत ये-जा असते. सिरस एसआर २० हे एका इंजिनाचं लहान खाजगी विमान ओक्लाहोमाहून तिथे आलं. आत एक बाई वैमानिक आणि तिच्या घरचे दोघे. ते आजारी वडिलांना भेटायला रुग्णालयात चालले होते. मागून वेगवान ७३७ येत होतं, म्हणून पट्टी जवळ आल्यावर तिला पुन्हा वर जायला सांगितलं गेलं. मग दुसऱ्या पट्टीवर यायला सांगितलं. तिथे ती फार उंचावर आली, टेकणं शक्य नव्हतं, पुन्हा वर गेली. वळणं, दिशा, पट्टी, पुढचं विमान, मागचं विमान, एकामागून एक सूचना येत राहिल्या. ती प्रत्येक सूचनेला शांतपणे उत्तर देत होती. पुन्हा आली, पुन्हा उंच, पुन्हा वर. या शेवटच्या वेळी वेग पुरेसा वाढायच्या आधी फ्लॅप, म्हणजे कमी वेगातही विमानाला उचलून धरणाऱ्या पंखांमागच्या झडपा, वर घेतले गेले. विमान वळणात होतं, वेग कमी होता, पंखांनी हवा सोडली आणि विमान एका दुकानाच्या वाहनतळात उभ्या गाडीवर पडलं. तिघंही गेले.

तपास यंत्रणेने कारण सांगितलं ते वैमानिकाने वेग सुरक्षित होण्याआधी फ्लॅप वर घेतल्याचं आणि त्यातून विमान स्टॉल झाल्याचं, म्हणजे पंखांनी हवा सोडल्याचं. पण अहवाल तिथे थांबला नाही. वेगवान विमानांच्या रांगेत या विमानाला बसवण्याच्या प्रयत्नात नियंत्रकांकडून गेलेल्या सूचनांचा भारही त्यांनी मांडला.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली अशी, की ती बाई घाबरट किंवा अडाणी नव्हती. उंचावरून धोकादायक उतरणं तिने दोनदा टाळलं. हे निर्णय योग्यच होते. दुसरी गोष्ट मला जास्त छळते: तिने एकदाही म्हटलं नाही की मला हे जमणार नाही, मला शहराच्या बाहेर घेऊन जा, दहा मिनिटं मोकळ्या आकाशात सरळ उडू द्या, मग एकाच पट्टीवर लांबून सरळ आणा. तिने तसं म्हटलं असतं तर कोणताही नियंत्रक नाही म्हणू शकला नसता. जगभरच्या नियमांत विमानाबद्दलचा शेवटचा शब्द कमांडरचा असतो. त्यासाठी रेडिओवर एकच इंग्रजी शब्द पुरतो, ‘अनेबल’. म्हणजे हे मला शक्य नाही. जमलं तर थोडक्यात कारण सांगायचं, माफी मागावी लागत नाही.

आपल्याकडच्या पोरांना हा शब्द उच्चारायला फार जड जातो, विशेषतः खेड्यातून आलेल्यांना. वडीलधाऱ्यांपुढे, साहेबापुढे उलट बोलायचं नाही हे आपण त्यांना लहानपणापासून शिकवतो. टॉवरमधला आवाज त्यांना साहेबाचा वाटतो. इंग्रजीचा धाक वेगळाच. मी माझ्या विद्यार्थ्यांना रिकाम्या सर्किटमध्ये, म्हणजे पट्टीभोवतीच्या सरावाच्या फेरीत, मुद्दाम चुकीच्या, घाईच्या सूचना द्यायचो आणि ‘अनेबल’ म्हणेपर्यंत थांबायचो. काही जण पहिल्या वेळी निमूटपणे माझं ऐकून विमान वाकडं करून घ्यायचे. आपल्या घरातली मर्यादा मला प्रिय आहे, पण कॉकपिटमध्ये ती दाराबाहेर ठेवावी लागते. तुमच्या लेकीला हे तुम्ही स्वतः सांगितलंत तर माझ्या सांगण्यापेक्षा शंभर पटीने उपयोगी पडेल.

गो-अराउंड म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाणं, याबद्दल थोडं अजून. सगळ्या चांगल्या कंपन्यांचा आणि शाळांचा नियम असतो: ढगात-पावसात हजार फुटांवर आणि स्वच्छ हवेत पाचशे फुटांवर विमान पट्टीच्या रेषेत, ठरलेल्या वेगात, ठरलेल्या उतारावर, फ्लॅप लावून तयार असलं पाहिजे. नसेल तर वर जायचं. वाद नाही, ‘जमवून घेऊ’ नाही. हा नियम सगळ्यांना पाठ असतो. पण वर कसं जायचं याचा सराव कमी पडतो. परीक्षेपुरतं दोन-चार वेळा करतात आणि विसरतात. पूर्ण ताकद द्यायची, नाक ठरलेल्या जागी धरायचं, उजव्या पायाने रडर (शेपटीचं सुकाणू) दाबून सरळ ठेवायचं, वेग वाढू द्यायचा, आणि मग फ्लॅप एकेक टप्प्याने घ्यायचे. ह्यूस्टनमध्ये हाच क्रम तुटला. जमिनीजवळ, दमलेल्या डोक्याने, कानात रेडिओ चालू असताना हात आपोआप त्या क्रमाने चालायला हवेत. ते फक्त सरावाने होतं.

आणि आपल्या उन्हाळ्यात हे अजून अवघड होतं. नागपूरची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,०३० फुटांवर आहे. मे महिन्यात पारा ४५ ला गेला की हवा इतकी विरळ होते, की विमान जणू ४,८०० फूट उंचीच्या डोंगरावरून उडतंय असं वागतं. इंजिन कमी ओढतं, चढ मंद, आणि काट्यावर तोच वेग दिसत असला तरी जमिनीवरून विमान जास्त वेगाने पळत असतं, म्हणून थांबायला जागा जास्त लागते. वरून दुपारच्या वावटळी. म्हणूनच आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये शिकाऊ उड्डाणं पहाटे करून घेणं शहाणपणाचं. ज्याने विदर्भाच्या उन्हात वर जायचा सराव केला, तो पुढे कुठेही गेला तरी इंजिनाकडून अवास्तव अपेक्षा ठेवत नाही, असा माझा अनुभव आहे.

तुमचा दुसरा प्रश्न, चूक वैमानिकाची असते का. पुष्कळदा शेवटची चूक वैमानिकाचीच असते, कारण शेवटचा हात त्याचाच असतो. पण ‘वैमानिकाची चूक’ एवढं लिहून फाइल बंद केली तर पुढचा अपघात तसाच होतो. आपल्या देशात २०१२ पासून विमान अपघात अन्वेषण ब्यूरो हे काम करतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे तपासाचा हेतू पुढचा अपघात टाळणं हा असतो. कोणाला दोषी ठरवणं हे त्याचं काम नाही. वैमानिक किती दमला होता, पाऊस वाढतोय हे त्याला वेळेत सांगितलं का, मालकाचा किंवा पाहुण्यांचा वेळेचा धाक होता का, शाळेत त्याला काय शिकवलं होतं, हे सगळं बघावं लागतं. खाजगी विमानांच्या बाबतीत हा धाक फार मोठा असतो. प्रवासी विमानाचा वैमानिक मागे बसलेल्या दीडशे लोकांना ओळखत नाही. लहान जेटमध्ये ज्याच्या पगारावर घर चालतं तो माणूस हाताच्या अंतरावर बसलेला असतो आणि त्याला मुंबईतच उतरायचं असतं. पाऊस आहे म्हणून नागपूरला किंवा अहमदाबादला जाऊ, हे त्याला सांगायला छाती लागते. टीव्हीवर अपघातानंतर तासाभरात जे निकाल लागतात त्यांकडे लक्ष देऊ नका.

आता वहिनींची काळजी. त्यांना खोटा दिलासा मी देणार नाही. मार्च २०२३ मध्ये बिरसीहून उडालेलं शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात पडलं आणि आतले दोघं गेले, हे आपल्या भागात सगळ्यांना माहीत आहे. या शिक्षणात धोका आहे. पण तुमच्या मनात जे चित्र बसलं आहे, पाऊस, गर्दी, मोठा विमानतळ, ते शिकण्याच्या काळात जवळपास येतच नाही. बिरसीची पट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि तलाव, आणि आकाशात मुंबईच्या मानाने शांतता. सुरुवातीला ही शांतताच हवी. मात्र तीच पुढे अडचण बनते. दोनशे तास शांत आकाशात उडालेली मुलगी पहिल्यांदा नागपूरच्या टॉवरशी बोलते तेव्हा तिचा घसा कोरडा पडतो. व्यावसायिक परवान्याला किमान २०० तास लागतात, त्यात १०० तास स्वतः कमांडर म्हणून. त्या तासांत गर्दीच्या विमानतळावर इन्स्ट्रक्टरसोबत पुरेशा फेऱ्या झाल्या पाहिजेत, परवाना हातात आल्यावर नव्हे.

अपघात झालाच तर वाचवायला कोणी येतं का, हेही त्यांच्या मनात असेल. मोठ्या विमानतळाची ही एक बाजू जमेची आहे. अग्निशमन गाडी पट्टीच्या कुठल्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोचली पाहिजे असा दंडक आहे आणि त्याची रंगीत तालीम होत असते. मुंबईत आठही जण वाचले त्यात विमानाच्या बांधणीचा, सीटच्या पट्ट्यांचा आणि धावून आलेल्या त्या लोकांचा वाटा आहे. लेकीला एवढं सांगा, की खांद्याचा पट्टा कधीही सैल ठेवायचा नाही. लहान विमानाच्या अपघातात डोकं समोरच्या फलकावर आपटणं हे जिवावर बेतण्याचं मोठं कारण आहे, आणि ते घट्ट पट्ट्याने टळतं.

तर पाठवावं का? पाठवा, पण शाळा बघून. शाळेच्या कचेरीत बसून माहितीपत्रक वाचू नका. संध्याकाळी विद्यार्थी जिथे चहा प्यायला येतात तिथे बसा. त्यांना विचारा, की गो-अराउंड केला तर इन्स्ट्रक्टर काय म्हणतात. ‘शाबास’ म्हणत असतील तर ती शाळा चांगली. ‘तास वाया घालवला, पेट्रोल कोण भरणार’ असं ऐकायला मिळालं तर लेकीला घेऊन परत या, फी कितीही कमी असली तरी. ज्या पोराला वर जाण्याबद्दल एकदा बोलणी बसली, तो पुढच्या वेळी वाकडं विमानही टेकवायला बघतो. हा धडा तो मुंबईपर्यंत घेऊन जातो.

हेही विचारा, की पावसाळ्यात उड्डाणं किती दिवस बंद असतात आणि त्या काळात शिकवणी चालू राहते का. इन्स्ट्रक्टर वर्षभर तेच राहतात की दर दोन महिन्यांनी बदलतात. विद्यार्थी एका दिवसात किती वेळा उडतात. चाचणीची तारीख जवळ आली की दमलेल्या पोरांना तासांसाठी उडवतात का. बाजूच्या वाऱ्यात उतरण्याचा सराव कोणत्या टप्प्यावर करून घेतात, कारण सेसना १७२ ला १५ नॉटपर्यंतच्या बाजूच्या वाऱ्यात उतरवून दाखवलेलं असलं, तरी शिकाऊ हाताची मर्यादा त्याहून बरीच खाली ठेवावी लागते आणि ती शाळेने लेखी ठरवलेली असावी. ही उत्तरं देताना जे लोक चिडतात, त्यांच्याकडे पैसे भरू नका.

आणि पैसे भरण्याआधी एक काम करा. बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित दोन्ही विषय होते ना, हे गुणपत्रिकेवर बघून घ्या. मग डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त डॉक्टरकडे वर्ग २ ची वैद्यकीय तपासणी करून घ्या, आणि ती निघाली की लगेच वर्ग १ ची. डोळे, कान, हृदयाचा आलेख, रक्त, सगळं त्यात येतं. शेत गहाण ठेवून फी भरली आणि नंतर रंगांधळेपणा निघाला, अशी घरं मी पाहिली आहेत. या तपासण्या नागपुरात होतील का, हे डीजीसीएच्या डॉक्टरांच्या यादीत बघा. दोन्ही प्रमाणपत्रं हातात आली, की मग बिरसीला चक्कर मारा, आणि जाताना वहिनींना सोबत न्या.